फ्रेंच वाइनची किंमत आणि जुन्नरची द्राक्षे

नाणेघाट चढून माथ्यावर आले की एक मोठा दगडी रांजण दिसतो. कोकणातून जुन्नरकडे माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकली जात असे, अशी परंपरा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालामध्ये वाइनचा उल्लेख आहे. त्यातही इटलीच्या वाइनला अधिक पसंती होती, असे ग्रंथकार नमूद करतो. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आजही वाचता येतात. तेव्हा परदेशी वाइन, तिची किंमत आणि तिच्यावरील जकात हा विषय या मुलखाला वरवर वाटतो तितका परका नाही.

या जुन्या विषयाला नवे निमित्त मिळाले आहे ते भारत आणि युरोपीय संघ यांच्यातील व्यापार कराराचे. या कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा जानेवारी २०२६ मध्ये झाली. युरोपातून येणाऱ्या वाइनवरील १५० टक्के आयात शुल्क करार अमलात येताच ७५ टक्क्यांवर यावे आणि पुढे काही वर्षांत, बाटलीच्या मूळ किमतीनुसार, २० ते ३० टक्क्यांपर्यंत उतरावे, अशी त्याची मांडणी आहे. मोटारी आणि यंत्रसामग्री यांच्या चर्चेत या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांनी मात्र ते बारकाईने वाचले पाहिजे. भारतातील आधुनिक वाइन उद्योगाचा पहिला मोठा प्रयोग नारायणगावात झाला होता, आणि द्राक्ष हे आजही कुकडीच्या पाण्यावर उभ्या असलेल्या शेतीचे एक प्रमुख नगदी पीक आहे.

प्रश्न साधा आहे. फ्रान्सची पांढरी वाइन तिच्या किमतीस खरोखर उतरते काय? हा प्रश्न केवळ पिणाऱ्यांचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. ज्याने आयुष्यात कधी वाइनचा पेला ओठाला लावला नाही आणि पुढेही लावावयाचा नाही, अशा माणसालाही त्याचे उत्तर उपयोगी आहे. शेतमालाला किंमत येते कशाने आणि ती जाते कोणाच्या पदरात, हाच मूळ प्रश्न त्यात दडलेला आहे.

किमतीची उकल

पुण्यातील दुकानात फ्रेंच पांढऱ्या वाइनची जी बाटली अडीच-तीन हजार रुपयांना मिळते, तिची किंमत उलगडून पाहणे उद्बोधक ठरते. उदाहरणादाखल असे समजू की मुंबईच्या बंदरात उतरताना भाडे व विमा धरून तिची किंमत ६०० रुपये आहे. तिच्यावर १५० टक्के शुल्क म्हणजे ९०० रुपये लागले की ती १,५०० रुपयांची होते. त्यावर आयातदाराचा नफा, गोदामाचा खर्च, राज्याचे उत्पादन शुल्क व अन्य आकार, मूल्यवर्धित कर आणि शेवटी दुकानदाराचा नफा चढतो. मद्य हे वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा हिशेब निराळा असतो. यातील बरेचसे आकार टक्केवारीने लागत असल्यामुळे पहिल्या पायरीवरील शुल्काचा बोजा पुढच्या प्रत्येक पायरीवर वाढत जातो. मूळ ६०० रुपयांतही काच, बूच, वेष्टन, भाडे आणि तेथील व्यापाऱ्याचा हिस्सा आहेच. तो वजा केल्यावर उरते ती वाइन. तीन हजार मोजणाऱ्या ग्राहकाने प्रत्यक्ष द्राक्षरसासाठी मोजलेली रक्कम तीनशे-चारशे रुपयांच्या पुढे क्वचितच जाईल.

शुल्क ७५ टक्के झाले तर बंदराबाहेर पडणारी हीच बाटली १,०५० रुपयांची होईल, आणि २० टक्के झाले तर ७२० रुपयांची. म्हणजे वाइनमध्ये एका थेंबाचाही फरक न पडता तिची किंमत निम्म्यावर येऊ शकेल. आज ज्याला फ्रेंच वाइनचा 'मान' म्हणतात, त्यातील केवढा तरी भाग भारत सरकारच्या जकातीचा मान आहे, हे यावरून उघड होते.

या जकातीलाही इतिहास आहे. अतिरिक्त सीमाशुल्काबाबत युरोप व अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे गेल्यावर भारताने २००७ मध्ये ते शुल्क मागे घेतले आणि त्याच वेळी वाइनवरील मूळ शुल्क १०० वरून १५० टक्के केले. २००८ मध्ये युरोपने पुन्हा तक्रार केली, तेव्हा तिच्यात महाराष्ट्र व गोवा यांनी आयात वाइनवर लावलेल्या करांचा समावेश होता. महाराष्ट्राने २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाद्वारे राज्यात तयार होणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली होती. अशा रीतीने गेली पंचवीस वर्षे येथील वाइन दुहेरी तटबंदीच्या आड वाढली. त्या तटबंदीचा पहिला चिरा ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारान्वये डिसेंबर २०२२ मध्ये निखळला. पाच डॉलरांहून स्वस्त बाटलीला सवलत नाही, त्याहून महाग बाटलीला थोडी आणि पंधरा डॉलरांहून महाग बाटलीला अधिक, असे त्या कराराचे सूत्र आहे.

झाकलेल्या बाटलीची परीक्षा

जकात बाजूला ठेवली, तरी चवीचा प्रश्न राहतोच. पांढरी वाइन पारखणारा मनुष्य चार गोष्टी पाहतो: तिचा गंध किती स्वच्छ आहे, आंबटपणा व गोडी यांचा तोल कसा आहे, तिच्यात एकच चव आहे की अनेक, आणि घोट घेतल्यावर ती चव किती वेळ रेंगाळते. लाल वाइनला सालीतल्या तुरटपणाचा आधार असतो. पांढरीला तो नसतो. त्यामुळे आंबटपणा हाच तिचा कणा, आणि दोष लपवायला तिच्यापाशी जागा कमी. म्हणूनच ती अतिशय थंड करून देण्याचा प्रघात संशयास्पद असतो. बर्फासारख्या थंड वाइनमध्ये गुण जसे कळत नाहीत तसे दोषही कळत नाहीत.

या कसोटीवर फ्रेंच वाइनची तटस्थ परीक्षा अनेकदा झाली आहे. त्यांतील सर्वांत गाजलेली परीक्षा २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये झाली. बर्गंडीच्या चार नामांकित पांढऱ्या वाइन आणि कॅलिफोर्नियाच्या सहा, सर्व शार्दोने द्राक्षाच्या, नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे नावे झाकून ठेवण्यात आल्या. पहिला क्रमांक लागला तो १९७३ च्या शॅटो माँटेलिना या कॅलिफोर्नियन वाइनचा. एका परीक्षकाने तर कॅलिफोर्नियाचा पेला हाती असताना फ्रान्समध्ये परतल्याचा आनंद व्यक्त केला, असे त्या वेळी हजर असलेल्या वार्ताहराने नोंदविले आहे. परीक्षक अडाणी नव्हते. त्या देशातील ते जाणते लोक होते. फक्त त्यांच्या डोळ्यांपुढे नाव नव्हते.

पुढील संशोधनाने हीच गोष्ट अधिक काटेकोरपणे सिद्ध केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधील एका प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन निर्गंध रंगाने लाल करून देण्यात आली, आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी एकच वाइन दोन निरनिराळ्या किमती सांगून लोकांना दिली; महाग म्हणून सांगितलेली वाइन लोकांना अधिक आवडली, आणि मेंदूतील सुखाशी निगडित भागाची हालचालही तसेच सांगत होती. त्याच वर्षी सहा हजारांहून अधिक झाकल्या परीक्षांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, किंमत माहीत नसेल तर सामान्य माणसाला महाग वाइन स्वस्त वाइनपेक्षा अधिक आवडत नाही, उलट किंचित कमीच आवडते. प्रशिक्षित परीक्षकांच्या बाबतीत मात्र किंमत आणि पसंती यांत थोडेसे अनुकूल नाते दिसले.

या शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सगळा प्रकार म्हणजे श्रीमंतांचा भ्रम आहे, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. लुआर नदीच्या मुखाजवळची म्यूस्कादे ही हलकी, आंबटसर, समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्याची आठवण देणारी वाइन आहे. तिच्यात फार खोली नाही आणि तसा तिचा दावाही नाही. शाब्लीची शार्दोने चुनखडीच्या, प्राचीन शिंपल्यांनी भरलेल्या जमिनीवर वाढते. तिची धार वेगळी आणि ती टिकतेही अधिक. सोतेर्नची गोड वाइन एका विशिष्ट बुरशीने सुकविलेल्या द्राक्षांपासून करतात, आणि ती द्राक्षे एकेक निवडून, बागेत अनेक फेऱ्या मारून तोडावी लागतात. हे फरक खरे आहेत. सरावलेल्या जिभेला ते कळतात.

तेव्हा निकाल असा द्यावा लागेल. फ्रान्समधील बाजारात म्यूस्कादेसारखी साधी वाइन तिच्या किमतीस पुरेपूर उतरते. शाब्ली किंवा सांसेर यांची किंमत चोखंदळ माणसाला मान्य होण्यासारखी आहे. मात्र पुण्यात आल्यावर यातील साधी बाटली किमतीस मुळीच उतरत नाही, कारण ग्राहक तिच्यासाठी उत्तम वाइनची किंमत मोजतो आणि त्याच्या पेल्यात येते ती सामान्य वाइन. त्यातून ती बाटली एप्रिल-मेच्या उन्हात एखाद्या गोदामात उभी राहिली असेल तर तिचा नाजूक गंधही उडालेला असतो. ब्रिटनमध्ये वाइनवरील उत्पादन शुल्क किमतीवर नव्हे, तर मद्यार्काच्या प्रमाणावर बसते. त्यामुळे तेथे थोडे अधिक पैसे मोजले की प्रत्यक्ष वाइनचा वाटा झपाट्याने वाढतो. आपल्याकडील शुल्क किमतीच्या प्रमाणात असल्याने ग्राहकाला ही वाटही मोकळी नाही.

मातीचा खंड

आणि ज्या वाइनच्या एका बाटलीला कारकुनाचा महिन्याचा पगार पुरत नाही, तिचे काय? बर्गंडीतील मोंराशे या पांढऱ्या वाइनचा मळा सारा मिळून सुमारे ८ हेक्टरांचा, म्हणजे वीस एकरांचा. जुन्नर तालुक्यात एकट्यादुकट्या बागाईतदार कुटुंबाकडेही एवढी जमीन सापडेल. जगभरातील धनिकांची मागणी या वीस एकरांवर येऊन आदळते. जमीन वाढविता येत नाही. तेव्हा वाढते ती किंमत. रिकार्डोने सांगितलेला खंडाचा सिद्धांत याहून स्वच्छ उदाहरणाने शिकविता येणार नाही. ही किंमत श्रमाची नाही, भांडवलाची नाही आणि बहुतांशी चवीचीही नाही. ती दुर्मीळ मातीचा खंड आहे.

ॲडम स्मिथलाही द्राक्षमळ्यांचा हा विशेष जाणवला होता. द्राक्षवेलीवर मातीच्या फरकाचा परिणाम इतर कोणत्याही फळझाडापेक्षा अधिक होतो, असे त्याने 'राष्ट्रांची संपत्ती' या ग्रंथात म्हटले आहे, आणि मातीतून येणारी ही चव खरी असो वा काल्पनिक, तिचा भाव मात्र खराच येतो, हे त्याच्या विवेचनाचे तात्पर्य आहे. त्याचे आणखी एक निरीक्षण अधिक मोलाचे आहे. अशा मळ्यांची मशागत विशेष काळजीने होते, परंतु वाइनची चढी किंमत हा त्या काळजीचा परिणाम नसून बहुधा तिचे कारण आहे. शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणून त्याने कसोशी केली. आपल्याकडे उपदेश नेमका उलट दिला जातो: आधी दर्जा आणा, मग भाव मिळेल. ज्याने त्याच नारायणगावच्या बाजारात टोमॅटो मातीमोल होतानाही पाहिला आणि जुलै २०२३ मध्ये सोन्याच्या भावाने विकतानाही पाहिला, त्या शेतकऱ्याला दर्जा आणि भाव यांचे हे नाते कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

नावामागचा कायदा

फ्रेंच शेतकऱ्याला तरी हा भाव सहजासहजी मिळाला काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले. टंचाईच्या काळात साखर, पाणी आणि मनुके यांपासून केलेली नकली वाइन बाजारात शिरली. मळे पुन्हा उभे राहिले तरी ती हटली नाही. भाव कोसळले. १९०७ मध्ये दक्षिणेकडील लांगडॉक प्रांतात शेतकऱ्यांचा उठाव झाला. जून महिन्यात माँपेलिए शहरात लाखो लोक जमले, नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या आणि एका पलटणीने बंड केले. १९११ मध्ये शॅम्पेन प्रांतात बाहेरून स्वस्त द्राक्षे आणून 'शॅम्पेन' म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध शेतकऱ्यांनी दंगे केले. या दीर्घ झगड्यातून १९३५ मध्ये मूळस्थान-नामाचा कायदा आला. त्याने प्रत्येक नावाची हद्द आखून दिली. त्या हद्दीत कोणती द्राक्षे लावावयाची, हेक्टरी जास्तीत जास्त किती उत्पादन घ्यावयाचे, द्राक्ष किती पिकल्यावर तोडावयाचे, हे ठरवून दिले. सोतेर्नच्या मळ्याला हेक्टरी २५ हेक्टोलिटरची, म्हणजे एकरी सुमारे हजार लिटरची मर्यादा आहे. एकरी आठ-दहा टन द्राक्षे काढणाऱ्या आपल्या बागाईतदाराला ही मर्यादा ऐकूनच धक्का बसेल.

या कायद्याचे अर्थशास्त्र असे. वाइनची बाटली उघडेपर्यंत तिचा दर्जा कळत नाही, आणि उघडल्यावर ती परत करता येत नाही. विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला माहीत नाही, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० मध्ये दाखवून दिले. कायद्याने बांधलेले नाव हा त्यावरील उपाय आहे. हा उपाय नसेल तर काय होते, तेही शाब्लीनेच दाखविले. अमेरिकेत या नावाला संरक्षण नव्हते, तेव्हा कॅलिफोर्नियात कोणत्याही द्राक्षाची स्वस्त पांढरी वाइन मोठमोठ्या घागरींतून 'शाब्ली' म्हणून विकली जात होती. तेथे ते नाव स्वस्ताईचे निदर्शक झाले.

दुसरी गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटेल. शाब्लीमध्ये १९२३ साली स्थापन झालेली 'ला शाब्लिझिएन' ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था आहे, आणि शाब्लीच्या एकूण वाइनपैकी सुमारे चौथा हिस्सा तीच तयार करते. म्हणजे फ्रेंच वाइन म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो सरदारी वाडा. पण बाटलीमागे पुष्कळदा उभा असतो तो विघ्नहर किंवा भीमाशंकर साखर कारखान्याच्या सभासदासारखाच एक सभासद.

नारायणगावचा धडा

या पार्श्वभूमीवर नारायणगावच्या प्रयोगाकडे पाहिले पाहिजे. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रान्समधील पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याचे तांत्रिक साहाय्य घेऊन येथे फेसाळ पांढरी वाइन तयार केली. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीचा हा प्रदेश, कुकडी प्रकल्पाचे पाणी आणि हिवाळ्यातील थंड रात्री यांचा त्यांनी उपयोग करून घेतला. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो आणि सप्टेंबरात फळ देतो. आपल्याकडे तो झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करून त्याला वळण लावावे लागते. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढते आणि द्राक्षातील आम्ल झपाट्याने उतरते. पांढऱ्या वाइनचा कणाच मोडू नये म्हणून तोडणी वेळीच करावी लागते, आणि रस थंड ठेवून आंबवावा लागतो. थंडावा फ्रान्सला निसर्ग देतो. येथे तो विजेच्या बिलातून येतो. इतक्या अडचणी ओलांडून तयार झालेली ही वाइन परदेशी जाणकारांनी चाखली आणि वाखाणली. जुन्नरच्या मातीत असे काही होऊ शकते, हे तिने निर्विवाद सिद्ध केले.

परंतु त्या बाटल्यांवर नाव कोणते होते? एकीवर फारसी कवी 'ओमर खय्याम', दुसरीवर फ्रेंच दरबारातील 'मार्कीज द पाँपादूर', आणि पुढे कंपनीचेही नाव 'शॅटो इंडाज'. जगाला विकावयाचे तर जगाला परिचित नाव हवे, हा व्यापारी विचार त्या काळी स्वाभाविक होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला की, वाइनने जी काही कीर्ती मिळविली ती नारायणगावच्या नावावर जमा झाली नाही. कंपनीने पुढे परदेशांतील उद्योग विकत घेतले; २००८ च्या जागतिक मंदीत आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेलांचा धंदा बसल्यावर कर्जाचा बोजा असह्य झाला, आणि अखेर प्रकरण न्यायालयाच्या आदेशाने कंपनीच्या अवसायनापर्यंत गेले. कीर्ती कंपनीच्या नावावर होती. कंपनी गेली तेव्हा कीर्तीही गेली. मागे राहिली ती माती, ते पाणी आणि तो शेतकरी. पण त्यांच्यापाशी विकण्याजोगे नाव नव्हते.

दरम्यान उद्योगाचे केंद्र नाशिककडे सरकले. राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीने तेथे सोव्हिन्यों ब्लाँ आणि शनँ ब्लाँ या मूळच्या फ्रेंच पांढऱ्या जाती रुजविल्या. शॅम्पेनमधील बलाढ्य मोएत हेनेसी या कंपनीने दिंडोरीत आपली वाइनरी काढून २०१३ मध्ये तेथील फेसाळ वाइन बाजारात आणली. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. नारायणगावने वाट पाडली. त्या वाटेवरून पुढे दुसरेच गेले.

शेतकऱ्याच्या पदरात काय?

आता आयात शुल्क उतरणार असेल तर येथील शेतकऱ्याने काय समजावे? खाण्याच्या द्राक्षाला दहा गिऱ्हाइके असतात. वाइनच्या द्राक्षाला एकच. ते फळ बारीक, बियांचे आणि जाड सालीचे. बाजारात नेले तर कोणी घेत नाही. वेल लावल्यापासून दोन-तीन वर्षे उत्पन्न नाही, आणि बाग पुढे पंधरा वर्षे उभी राहणार. म्हणजे शेतकऱ्याचे भांडवल दीर्घ मुदतीसाठी अडकते आणि खरेदीदाराचे वचन मात्र हंगामापुरते असते. २००९ नंतरच्या मंदीत राज्यातील अनेक शेतकऱ्यांनी वाइन द्राक्षांच्या बागा उपटून टाकल्या, त्याचे कारण वेलीच्या रोगात नव्हते. ते या विषम करारात होते. उसाला कायद्याने किमान दर आहे आणि कारखान्यात शेतकऱ्याचा भाग आहे. वाइनच्या द्राक्षाला यांपैकी काहीच नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करतात आणि त्याचे खरे मोल दूरच्या कारखान्यात होते. कच्च्या मालाच्या धन्याची ही अवस्था आपल्याला नवी नाही.

वाइनविषयी समाजात दुमत आहे, आणि ते आदराने ऐकले पाहिजे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हे कारण सांगण्यात आले आणि त्यावर मोठे वादळ उठले. व्यसनाची किंमत कुटुंबातील बायका-मुले मोजतात, हा विरोधकांचा मुद्दा खोटा नाही. पण त्या वादात एक प्रश्न कोणीच पुरेसा नेटाने विचारला नाही: विक्री वाढली तर त्यातील किती पैसे द्राक्ष पिकविणाऱ्याकडे येतील? विक्रीची दुकाने वाढविणे म्हणजे शेतकऱ्याचे हित, हे समीकरण आपोआप सिद्ध होत नाही. उलट फ्रान्सचा अनुभव असे सांगतो की, कमी पिकवून, नाव जपून आणि प्रक्रियेत भागीदार होऊनच शेतकऱ्याचा वाटा वाढला.

आणि हे आपल्याला अशक्य आहे, असे म्हणण्यास जागा नाही. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचे अंश सापडले आणि निर्यात अडचणीत आली. त्या धक्क्यातून आपली निर्यात सावरली, कारण 'अपेडा'च्या 'ग्रेपनेट' पद्धतीने प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंद आणि प्रत्येक पेटीचा मागोवा ठेवता येत होता. ज्या शेतकऱ्याच्या एका प्लॉटचे नाव रॉटरडॅमच्या बंदरापर्यंत पोहोचू शकते, त्याच्या गावाचे नाव बाटलीवर का पोहोचू नये? मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, नारायणगावात कृषी विज्ञान केंद्र आहे, सहकाराची पाऊणशे वर्षांची परंपरा आहे. जुन्नर-आंबेगावची हद्द, तेथील जाती, उत्पादनाची मर्यादा आणि झाकल्या बाटलीची वार्षिक परीक्षा एवढे नियम शेतकऱ्यांच्याच संस्थेने घालून घ्यावेत. वाइनरीशी होणारा करार बागेच्या आयुष्याइतका लांब असावा. आणि सरकारने सवलत द्यावयाची ती कंपनीच्या करात देण्यापेक्षा अशा करारांना बांधून द्यावी. त्यासाठी वेळ फारसा नाही. शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. तेवढीच मुदत आहे.

फ्रेंच पांढरी वाइन तिच्या किमतीस उतरते काय, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा असे आहे: जिभेच्या हिशेबाने थोडी उतरते, जकातीच्या हिशेबाने मुळीच उतरत नाही. पण तिच्या किमतीतील एक भाग असा आहे की जो खरोखर कमावलेला आहे. तो आहे गावाच्या नावावर बसलेल्या विश्वासाचा. तो विश्वास शेतकऱ्यांनी झगडून मिळविला आणि स्वतःवर बंधने घालून टिकविला. नाणेघाटावरील रांजणात जकात पडत होती तेव्हाही बाहेरच्या मालाला त्याच्या गावाचे नाव होते. जुन्नरच्या द्राक्षाला ते अजून मिळावयाचे आहे.